थंड हवेचा हिशेब कोण मागणार?

पुण्यातील कोणत्याही मोठ्या इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने हे बंधन घातले आहे. त्या इमारतीतील लिफ्टची तपासणी शासनाचा निरीक्षक करतो. त्यासाठी १९३९ पासून कायदा होता आणि २०१७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तळघरात उभ्या असलेल्या मोटारींनाही धुराची चाचणी चुकलेली नाही. परंतु त्याच इमारतीच्या गच्चीवर किंवा तळघरात जे यंत्र दिवसाचे बारा-बारा तास घरघरत असते आणि विजेच्या बिलातला सर्वांत मोठा घास जे एकटे घेते, त्या वातानुकूलन यंत्रणेकडे कायद्याच्या नजरेने पाहणारा कोणीही नाही. ती किती टनांची बसविली, तेवढी खरोखरच लागत होती काय, आणि बसविल्याला दहा वर्षे झाल्यानंतर आज ती किती वीज घेऊन किती थंडावा देते, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला नाही आणि उत्तर देण्याचे बंधनही कोणावर नाही. मोठ्या कार्यालयांत, मॉलमध्ये, तारांकित हॉटेलांत आणि रुग्णालयांत एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज थंड हवेवर खर्च होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही उदासीनता किती महागात पडत असेल याची कल्पना येते.

पुण्यासारख्या शहराने हा प्रश्न विचारावा यात एक प्रकारचा काव्यगत न्याय आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेल्या या गावाची हवा एके काळी इतकी सुखद मानली जाई की, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात आपला मुक्काम गणेशखिंडीत हलवीत. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून आले तेव्हा शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. पेठांमधल्या वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक आणि उंच छत यांनी वैशाखातली दुपार निभावून नेली जात असे. रात्री तर अंगावर पांघरूण लागे. हे सारे आता आठवणींच्या लेखांपुरते उरले आहे. २०१९ च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांपर्यंत चढला होता. उकाड्याची तक्रार खोटी नाही आणि वातानुकूलन ही आता चैन राहिलेली नाही, हेही मान्य करावयास हवे.

तथापि पुण्याच्या हवेत आणि मुंबईच्या किंवा चेन्नईच्या हवेत एक मोठा फरक अजूनही आहे. येथे सूर्य मावळला की हवा उतरते. हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या बऱ्याच दिवसांत तर बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा थंड असते. अशा वेळी खिडकी उघडणे, किंवा यंत्रणेतून बाहेरची हवा सरळ आत घेणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. परंतु खराडी, बाणेर, विमाननगर, मगरपट्टा या भागांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी काचेची मंदिरे उभी राहिली त्यांना उघडणारी खिडकीच नाही. पश्चिमेचे ऊन काचेतून आत घ्यावयाचे, मग ते बाहेर काढण्यासाठी यंत्र लावावयाचे, आणि डिसेंबरच्या रात्री बाहेर दहा-बारा अंश तापमान असतानाही तेच यंत्र चालू ठेवावयाचे, असा हा व्यवहार आहे. थंड देशांतून आलेली ही वास्तुशैली आपण ज्या उत्साहाने उचलली, त्याच्या निम्म्या उत्साहानेही त्या देशांतला तपासणीचा कायदा उचलला नाही.

कायदा नकाशापुरता

आपल्याकडे कायदाच नाही असे नव्हे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो कामाला लागला. या ब्यूरोने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध केली व २०१७ मध्ये ती सुधारून अधिक कडक केली. ज्या व्यापारी इमारतीचा जोडभार १०० किलोवॉट किंवा कराराची मागणी १२० केव्हीए आहे, अशा नव्या इमारतींना ही संहिता लागू करावी अशी योजना होती. भिंती, छत, काच, दिवे, पंप आणि वातानुकूलन या सर्वांसाठी तीत किमान मापे ठरवून दिली आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती निवासी इमारतींपर्यंत नेली, तिच्या नावात शाश्वततेचा समावेश केला आणि राज्यांना भाराची मर्यादा खाली आणण्याची मोकळीक दिली. कागदावर ही प्रगती नाव ठेवण्यासारखी नाही.

पण संहितेच्या रचनेतच दोन पळवाटा राहिल्या. पहिली संघराज्याची. केंद्राने संहिता लिहावी, राज्याने ती स्थानिक परिस्थितीप्रमाणे बदलून अधिसूचित करावी, नंतर महानगरपालिकेने ती बांधकाम नियमावलीत घ्यावी आणि मग अभियंत्याने ती नकाशावर तपासावी, अशी ही उतरंड आहे. या उतरंडीतले एक मडके जरी हलले नाही तरी खालची सर्व तशीच राहतात. दुसरी पळवाट अधिक गंभीर आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ती अशी की, संहिता विचारते ते इमारत बांधण्यापूर्वी. नकाशा मंजूर झाला, भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले, की पुढची चाळीस वर्षे त्या इमारतीत काय चालले आहे याच्याशी संहितेला कर्तव्य नाही. नकाशावर उत्तम दिसणारी यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते हे कोणी पाहावयाचे? आणि संहितेच्या आधी उभ्या राहिलेल्या शेकडो इमारतींचे काय? लग्नाच्या वेळी पत्रिका पाहून सोडून द्यावी आणि संसार कसा चालला आहे याची पुन्हा चौकशी करू नये, तसाच हा प्रकार झाला.

याच अधिनियमात ऊर्जा परीक्षणाची तरतूद आहे व प्रमाणित परीक्षकांची परीक्षाही ब्यूरो घेत आला आहे. व्यापारी इमारतींचा उल्लेख अधिनियमाच्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे. परंतु सक्तीच्या परीक्षणाचा भर राहिला तो सिमेंट, पोलाद, खते यांसारख्या अवाढव्य उद्योगांवर. ते समजण्यासारखेही होते. थोड्या कारखान्यांना हात घालून पुष्कळ बचत साधावयाची असेल तर आरंभ तेथूनच करावयास हवा. मात्र आरंभ म्हणून जे स्वीकारले तेच पुढे धोरण होऊन बसले.

यंत्र कसे बिघडते

वातानुकूलनातील नासाडी डोळ्यांना दिसत नाही, हीच तिची खरी अडचण. गळका नळ दिसतो, दिवसा जळणारा रस्त्यावरचा दिवा दिसतो. पण एक टन थंडाव्यासाठी ०.७ किलोवॉट वीज घेणारी यंत्रणा हळूहळू एक किलोवॉट घेऊ लागली, तर खोलीत बसलेल्या माणसाला काही कळत नाही. खोली पूर्वीइतकीच गार असते. ५०० टनांच्या यंत्रणेचे उदाहरण घेऊ. ती सरासरी ६० टक्के भाराने वर्षाला ३००० तास चालते असे धरले, तर टनामागे ०.३ किलोवॉटचा हा फरक वर्षाकाठी २ लाख ७० हजार युनिटांवर जातो. व्यापारी ग्राहकाला युनिटमागे १२ रुपये पडतात असे धरले तरी ही रक्कम ३२ लाखांच्या पुढे जाते. ती कोणी चोरलेली नसते. ती धुळीत, क्षारात आणि चुकीच्या झडपांत विरघळलेली असते.

क्षार हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे, कारण पुण्यापुरते या दुखण्याचे मूळ पाण्यात आहे. मोठ्या यंत्रणांत उष्णता बाहेर टाकण्याचे काम गच्चीवरचे कूलिंग टॉवर करतात आणि ते पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते. शंभर टनांची यंत्रणा पूर्ण भाराने चालत असेल तर तासाला सुमारे ६०० लिटर पाणी आकाशात जाते. २०१७ आणि २०२१ मध्ये शहरात नव्याने आलेल्या गावांत, आणि उपनगरांच्या बऱ्याच भागांत, हे पाणी नळाचे नसते. ते बोअरचे असते किंवा टँकरचे. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेले हे जड पाणी उडून जाताना क्षार मागे ठेवून जाते आणि तो कंडेन्सरच्या तांब्याच्या नळ्यांत आतून साचत राहतो. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच हा थर. तो चढला की उष्णता बाहेर पडणे अवघड होते, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो आणि विजेचा मीटर वेगाने धावू लागतो. नळ्या साफ करण्यासाठी यंत्र एक-दोन दिवस बंद ठेवावे लागते. आणि यंत्र बंद ठेवण्याची परवानगी भर उन्हाळ्यात कोणताही व्यवस्थापक देत नाही. हिवाळ्यात द्यावी, तर तेव्हा तक्रार नसते, म्हणून निकडही नसते. असे करीत वर्षे जातात.

दुसरे दुखणे जन्मजात असते. किती टनांची यंत्रणा लागेल हे ठरविताना भिंती, काच, माणसे, संगणक आणि दिशा यांचे गणित मांडावे लागते. पुष्कळ ठिकाणी ते न मांडता अमुक चौरस फुटांना एक टन असा ठोकताळा लावला जातो, त्यावर सल्लागार थोडी सुरक्षितता चढवितो, कंत्राटदार आणखी थोडी, आणि मालक उद्याच्या वाढीसाठी आणखी. परिणामी गरजेच्या दीडपट यंत्रणा बसते. मोठा कॉम्प्रेसर कमी भारावर चालविणे म्हणजे नांगराला दोन बैल पुरत असता चार जुंपून त्यांना हळू चालावयास सांगणे होय. वैरण चौघांची लागते. पंप आणि पंखे यांचीही तीच गत. पाणी जास्त येते म्हणून पंपाचा वेग कमी करण्याऐवजी झडप अर्धी आवळून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. वस्तुत: पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते, हा भौतिकीचा साधा नियम अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. वेग कमी करणारे उपकरण पुष्कळ इमारतींत बसविलेलेही असते. फक्त ते कोणी तरी कधी तरी ‘मॅन्युअल’वर टाकलेले असते आणि पुन्हा तेथून हलविलेले नसते.

तुंबलेल्या फिल्टरची, एकाच मजल्यावर शेजारीशेजारी गोठणाऱ्या आणि घामेजणाऱ्या कर्मचाऱ्यांची, रविवारी रिकाम्या इमारतीत चालणाऱ्या यंत्राची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. ती लांबविण्याचे कारण नाही. दुर्लक्षाची किंमत केवळ विजेत मोजावयाची नसते, एवढे मात्र सांगावयास हवे. २३ एप्रिल २०२१ रोजी विरारच्या खाजगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले, तेव्हा वातानुकूलन यंत्रातील बिघाडाकडे प्रथमदर्शनी बोट दाखविण्यात आले होते. त्याच सुमारास साथीच्या रोगाने बंद खोलीतील शिळ्या हवेचा धोकाही सर्वांना समजावून दिला. ताजी हवा किती घेतली जाते हे पाहणे हा तपासणीचाच भाग आहे.

अशा वेळी सार्वजनिक चर्चा कोणत्या आकड्याभोवती फिरते पाहा. २०२० च्या जानेवारीपासून नव्या घरगुती यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम आला. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी वातानुकूलन यंत्रे २० अंशांखाली जाऊच नयेत अशी योजना जाहीर केली. लगेच शासनाने बेडरूममध्ये शिरावे काय यावर वादविवाद रंगले. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगतो आणि ते खोटे नाही. पण २४ अंशांवर ठेवलेले, क्षाराने तुंबलेले यंत्र स्वच्छ यंत्राची बरोबरी करू शकत नाही. हातातल्या रिमोटवर कायदा करणे सोपे, गच्चीवरच्या यंत्रावर करणे अवघड. म्हणून पहिल्याचीच चर्चा होते.

युरोप आणि सिंगापूर

या प्रश्नाला युरोपने २००२ मध्येच हात घातला. इमारतींच्या ऊर्जा कार्यक्षमतेविषयीच्या त्या वर्षीच्या निर्देशाने, १२ किलोवॉटपेक्षा, म्हणजे साधारण साडेतीन टनांपेक्षा, मोठ्या वातानुकूलन यंत्रणांची ठरावीक काळाने तपासणी करणे सर्व सभासद देशांना बंधनकारक केले. निरीक्षकाने केवळ यंत्र पाहावयाचे नाही, तर इमारतीच्या गरजेच्या मानाने ते योग्य मापाचे आहे काय हेही सांगावयाचे, अशी त्यातली सूक्ष्म अट होती. ब्रिटनने २५० किलोवॉटच्या वरच्या यंत्रणांसाठी ४ जानेवारी २००९ आणि १२ किलोवॉटच्या वरच्या यंत्रणांसाठी ४ जानेवारी २०११ ही मुदत घातली. तपासणी दर पाच वर्षांनी.

या प्रयोगाचे यश मात्र बेताचेच राहिले, आणि त्याची कारणे आपल्याला अधिक उपयोगी आहेत. इंग्लंडमध्ये तपासणी न केल्याचा दंड ३०० पौंड ठेवला गेला. तपासणीचा खर्च दंडाहून जास्त असेल तर शहाणा व्यापारी काय करील हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. शिवाय निरीक्षकाने अहवालात लिहिलेल्या शिफारशी अमलात आणण्याचे बंधन मालकावर नव्हते. अहवाल फायलीत, यंत्र जागच्या जागी. युरोपने पुढे २०१८ मध्ये मर्यादा ७० किलोवॉटपर्यंत वाढविली, म्हणजे लहान यंत्रणांचा नाद सोडून मोठ्यांवर लक्ष केंद्रित केले. आणि २९० किलोवॉटच्या वरच्या इमारतींनी स्वयंचलित मापन व नियंत्रण बसवावे असा आग्रह धरला. २०२४ च्या नव्या निर्देशाने तर या मोठ्या यंत्रणांची तपासणी तीन वर्षांवर आणली आहे.

सिंगापूरने वेगळी वाट धरली व ती आपल्या हवामानाला अधिक जवळची आहे. तेथे २०१२ मध्ये इमारत नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या इमारतींच्या थंड पाण्याच्या यंत्रणेला कायमची मापन उपकरणे बसवावी लागतात, दर तीन वर्षांनी तिचे ऊर्जा परीक्षण होते आणि ठरवून दिलेली कार्यक्षमता ती राखते काय हे पाहिले जाते. आरंभीचे माप असे की, ५०० टन व त्यावरील यंत्रणेने पंप आणि टॉवर धरून टनामागे ०.७ किलोवॉटपेक्षा अधिक वीज घेऊ नये, त्याहून लहान यंत्रणेने ०.८ पेक्षा अधिक घेऊ नये. येथे निरीक्षकाच्या मताला फारसे स्थान उरत नाही. एका बाजूला विजेचा मीटर, दुसऱ्या बाजूला थंड पाण्याचे मापन. भागाकार करा आणि उत्तर सांगा. ज्या देशात निरीक्षक हा शब्द उच्चारताच खिशाकडे हात जातो, त्या देशाने तर हीच पद्धत पत्करावयास हवी.

पुण्याला काय शक्य आहे

निरीक्षकांचे नवे राज्य येईल ही भीती खोटी ठरविता येणार नाही. धुराच्या चाचणीची प्रमाणपत्रे मोटार न पाहताही कशी मिळतात हे रस्त्यावरच्या कोणालाही विचारावे. अग्निसुरक्षेच्या सहामाही प्रमाणपत्रांचीही स्थिती आदर्श नाही. त्यात आणखी एका कागदाची भर घालून काही साधणार नाही, असे उद्योजकांच्या संघटना म्हणतील आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण याचे उत्तर तपासणीच नको असे होऊ शकत नाही. यंत्रणा मोजणारी उपकरणे बसवावी, त्यांचे आकडे दरवर्षी सादर करावे आणि ते इमारतीच्या नावासह प्रसिद्ध व्हावे, एवढे केले तरी निरीक्षकाचे निम्मे काम आकडेच करतील. जागा भाड्याने घेणाऱ्या कंपन्या ते आकडे वाचल्याशिवाय राहणार नाहीत.

भाडेकरूंचा उल्लेख केला तो सहेतुक. पुण्यातील मोठी कार्यालये बहुतांशी भाड्याच्या जागेत आहेत. यंत्र विकत घेतो तो विकासक. वीज भरतो तो भाडेकरू, तीही अनेकदा देखभाल खर्चात चौरस फुटामागे मिसळून आलेली. ज्याच्या हातात यंत्र निवडण्याचा अधिकार आहे त्याला स्वस्त यंत्रात लाभ, आणि ज्याला महाग वीज भरावी लागते त्याला यंत्राला हात लावण्याचा अधिकार नाही. बाजारपेठ हा गुंता आपोआप सोडवील असे मानणाऱ्यांनी गेली पंचवीस वर्षे तो का सुटला नाही हे सांगावे. उलट, ज्याने बांधले तोच वापरणार असेल तर काय होते याचे उदाहरण हडपसरलाच आहे. सुझलॉन कंपनीचे ‘वन अर्थ’ हे संकुल ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखले आणि २०१० च्या सुमारास हरित इमारतींची सर्वोच्च मानांकने त्याला मिळाली. हैदराबादला इन्फोसिसने एकाच इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या पद्धतीने आणि अर्धा थंड पाण्याच्या नळ्या छतात घालून गार केला; दुसऱ्या अर्ध्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. कौशल्य देशात आहे. ते वापरण्याची निकड सर्वांना सारखी नाही.

साधनांच्या बाबतीत तर पुणे भाग्यवान म्हणावे लागेल. ऊर्जा संवर्धन अधिनियमाखाली राज्याची नियुक्त संस्था असलेल्या महाऊर्जेचे मुख्यालय याच शहरात, औंधला आहे. १९८५ मध्ये नोंदलेली ही संस्था लघुउद्योगांना ऊर्जा परीक्षणासाठी अर्थसाहाय्य देत आली आहे. तेच साहाय्य लहान रुग्णालयांना आणि शाळांना का मिळू नये? उष्णतेवर चालणारे चिलर बनविणारी थरमॅक्स चिंचवडची, शीतकरणाचे कॉम्प्रेसर बनविणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसरची. वीजक्षेत्राचा बारकाईने अभ्यास करणारा ‘प्रयास’चा ऊर्जा गट येथलाच. आणि या सर्वांनी एकत्र येऊन काही करून दाखविल्याचा दाखलाही आहे. २००६ मध्ये राज्य भारनियमनाने त्रस्त असता पुण्यातील उद्योगांनी आपली जनित्रे तुटीच्या तासांत चालविली, त्याचा जादा खर्च मोठ्या ग्राहकांनी उचलला, वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली आणि सुमारे ९० मेगावॉटची शहराची तूट भरून निघाली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याचा देशभर बोलबाला झाला. त्या वेळी डिझेल जाळून वीज निर्माण करण्यासाठी जी एकजूट झाली, ती न जाळता वाचविण्यासाठी का होऊ नये, हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.

महानगरपालिकेला यासाठी दिल्लीच्या किंवा मुंबईच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागेल असेही नाही. सौर ऊर्जा, पावसाचे पाणी साठविणे, गांडूळखत यांसाठी ती मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देत आली आहे. ज्या व्यापारी इमारती आपली थंडाव्याची कार्यक्षमता मोजून जाहीर करतील त्यांना अशीच सवलत देणे तिच्या आवाक्यातले आहे. शंभर टनांच्या वरच्या यंत्रणांपासून आरंभ करावा. खाली उतरण्याची घाई नको.

कोण तपासणार, हा प्रश्न मात्र सर्वांत कठीण आहे आणि तो पदवीधर परीक्षकांपाशी सुटत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने देशाची थंडाव्याची मागणी वीस वर्षांत सुमारे आठपट होईल असे अनुमान केले आणि एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले. हा तंत्रज्ञ म्हणजे उन्हाळ्यात दुचाकीवर सिलिंडर बांधून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर धावणारा तरुण. गळती शोधून बुजविण्यापेक्षा गॅस भरून देणे त्याला लवकर जमते, कारण त्याला पैसे मिळतात ते भेटीमागे. जुना आर-२२ वायू २०३० पर्यंत हद्दपार व्हावयाचा आहे; त्याच्या जागी आलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बनांचा वापर किगाली दुरुस्तीप्रमाणे भारताला २०२८ पासून गोठवून पुढे उतरवीत न्यावयाचा आहे. हवेत सुटलेला एक किलो आर-४१०ए दोन टनांहून अधिक कर्बवायूइतकी उष्णता अडवून धरतो. हे आंतरराष्ट्रीय करार शेवटी त्या तरुणाच्या हातातल्या पान्यावर अवलंबून आहेत.

त्याला भेटीमागे पैसे देणारा करार बदलणे हे पहिले काम आहे आणि ते महानगरपालिकेने स्वत:च्या निविदांपासून करावे. तिची नाट्यगृहे, रुग्णालये आणि कार्यालये यांतील वातानुकूलनाच्या देखभालीचे वार्षिक करार निघतात तेव्हा त्यांत महिन्यातून किती भेटी, किती फिल्टर, किती तासांत तक्रार निवारण, एवढेच लिहिण्याचा प्रघात आहे. यंत्रणेने टनामागे किती युनिटे घेतली पाहिजेत आणि त्याहून जास्त घेतली तर कंत्राटदाराच्या देयकातून किती रक्कम कापली जाईल, हे कलम त्यांत घालावयास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या निविदा हिवाळ्यातच तयार होतात.